चारातला एक म्हणजे कोण?

(सदर: विचारलंत ते बरं केलंत. उत्तरं देणाऱ्या ताईंनी ठाणे आणि नवी मुंबईत वीस वर्षं एचआयव्ही समुपदेशक म्हणून काम केलं. पत्र पाठवणाऱ्यांची नावं आम्ही छापत नाही.)

डिसेंबरच्या अंकात जागतिक एड्स दिनाच्या निमित्ताने मी दोन आकडे ओझरते लिहून गेले होते. इस्वातिनी या देशात चार प्रौढांमागे साधारण एकाला एचआयव्हीची लागण आहे आणि त्याच आफ्रिका खंडातल्या सेनेगलमध्ये हजारात तिघाचौघांना. त्या दोन ओळींवर सतरा पत्रं आली. एवढी तर मी पाळीच्या तक्रारींवर लिहिलं तेव्हाही आली नव्हती. त्यातली चार इथे घेतली आहेत. बाकीच्यांना पोस्टाने उत्तर जाईल, फक्त ज्यांनी पाकिटावर पत्ताच लिहिलेला नाही त्यांनी मला दोष देऊ नये.

“माझा मुलगा सव्वीस वर्षांचा आहे. इन्स्ट्रुमेंटेशनचा इंजिनिअर, चार वर्षं साखर कारखान्यात काम केलंय. आता इस्वातिनीतल्या साखर कारखान्यात दोन वर्षांच्या करारावर नोकरी आली आहे. तुमचा आकडा वाचल्यापासून माझी झोप उडाली आहे. चारातला एक! तिथले डास, न्हावी, हॉटेलातली भांडी, काय काय म्हणून सांभाळायचं? शिवाय यांचे मित्र म्हणतात, तिकडचा विषाणू आपल्याकडच्यापेक्षा जहाल असतो. मुलगा नुसता हसतो. त्याला थांबवू का?” (एक आई, ऐरोली)

ताई, आधी त्या आकड्याची फोड करू. हे प्रमाण 15 ते 49 वयाच्या माणसांतलं असतं. जगभर हाच वयोगट धरतात, म्हणून एका देशाची दुसऱ्याशी तुलना करता येते. इस्वातिनी म्हणजे जुनं स्वाझीलँड, 2018 मध्ये तिथल्या राजाने नाव बदललं. लोकसंख्या बारा लाखांच्या आसपास, म्हणजे तुमच्या-माझ्या नवी मुंबईएवढी. तिथे हे प्रमाण पंचवीस टक्क्यांच्या आगेमागे आहे आणि जगात तेच सर्वांत जास्त आहे. आपल्या देशात ते 0.2 टक्के आहे, म्हणजे पाचशे प्रौढांत एक. घाबरण्यासारखा फरक आहे, हे मी नाकारत नाही.

पण वाशीच्या बाजार समितीतल्या बातम्या तुम्ही वाचत असाल. कांद्याची आज आवक किती झाली हे एक, आणि वखारीत साठा किती आहे हे दुसरं. आवक रोडावली तरी साठा महिनोन्‌महिने मोठा दिसू शकतो. तुम्ही जो आकडा वाचून धास्तावलात तो साठ्याचा आहे. आज जिवंत असलेले सगळे बाधित त्यात आले, काल लागण झालेलेही आणि वीस वर्षांपूर्वी झालेलेही. (माणसांना कांद्याच्या पंगतीला बसवलं, माफ करा. पण वीस वर्षं समजावून सांगताना मला याहून सोपं काही सापडलं नाही.)

इस्वातिनीतला साठा मोठा आहे, कारण तिथली माणसं आता मरत नाहीत. 2000 नंतरच्या त्या वाईट वर्षांत तिथलं सरासरी आयुर्मान चाळिशीच्या घरात घसरलं होतं. घराघरांत आजी आणि नातवंडं, मधली पिढी गायब. मग सरकारी दवाखान्यांतून औषधं मिळू लागली. 2011 ते 2016 या पाच वर्षांत नव्या लागणीचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. 2020 साली तर या छोट्या देशाने मोठमोठ्यांना न जमलेलं करून दाखवलं. बाधितांपैकी 95 टक्क्यांना आपल्या लागणीची माहिती, त्यातले 95 टक्के औषधावर, आणि औषधावरच्यांपैकी 95 टक्क्यांच्या रक्तात विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी. ज्याचा विषाणू असा दबलेला राहतो, त्याच्याकडून शरीरसंबंधातून लागण होत नाही. हा नुसता दिलासा नव्हे. हजारो जोडप्यांचा, एक बाधित आणि एक नाही अशांचा, वर्षानुवर्षं पाठपुरावा करून हे सिद्ध झालं आहे.

म्हणजे तुम्हाला ज्या ‘चारातल्या एका’ची भीती वाटते, तो बहुधा रोज रात्री जेवल्यावर गोळी घेतो आणि सकाळी कामावर जातो. खरा धोका ज्याला आपली लागण माहीतच नाही त्याच्याकडून असतो. तो माणूस ऐरोलीतही असू शकतो.

आता डास. आफ्रिकेचा नकाशा हेच त्याचं उत्तर आहे. लेसोथो हा उंच डोंगरातला थंड देश, तिथे मलेरिया होतच नाही, आणि एचआयव्हीत तो जगात वरच्या दोन-तीनांत आहे. उलट नायजर हा देश मलेरियाने गांजलेला, तिथे एचआयव्ही हजारात दोन-तीन. डासाने पसरलं असतं तर नकाशा उलटा दिसला असता, आणि सर्वांत आधी अंगणात झोपणारी पाच-सात वर्षांची पोरं बाधित झाली असती. तरी मच्छरदाणी जरूर द्या. इस्वातिनीतला ऊस पूर्वेकडच्या सखल भागात होतो आणि तिथे मलेरिया अधूनमधून असतो.

भांड्यांबद्दल एक गोष्ट सांगते. तुर्भ्याच्या एका घरात मी 2001 साली गेले होते. नवरा पॉझिटिव्ह. सासूने त्याचं ताट, वाटी, तांब्या वेगळा करून मोरीजवळच्या फळीवर ठेवला होता, तांब्याला ओळखू यावा म्हणून लाल दोरा. सगळं घर त्या तांब्याला जपून होतं. बायकोला मात्र निरोधबद्दल कुणी एक शब्द सांगितलेला नव्हता. तिची तपासणी मी करून घेतली. निकाल काय आला ते इथे लिहीत नाही. ताटं वेगळी करणारी घरं मी खूप पाहिली, आणि त्या प्रत्येक घरात नेमकं बोलायचं तेच राहून गेलेलं असायचं.

विषाणू जहाल-मवाळ म्हणाल तर भारतात आणि दक्षिण आफ्रिकेच्या पट्ट्यात बहुतांशी एकच उपप्रकार आढळतो, सी नावाचा. यांच्या मित्रांना माझा नमस्कार सांगा.

तर मुलाला या कारणासाठी थांबवू नका. पगार, विमा, परतीचं तिकीट, करारातली बारीक अक्षरं, यावर हवी तेवढी हुज्जत घाला. एचआयव्हीपुरतं त्याला इतकंच माहीत हवं. संबंध आला तर निरोध, दरवेळी. जोडीदार ठरली तर दोघांनी एकत्र जाऊन तपासणी. तिथे तपासणी म्हणजे आपल्याकडे साखर तपासण्याइतकी साधी गोष्ट झाली आहे, कुणी भुवया उंचावत नाही. रोज एक गोळी घेऊन लागण टाळण्याचा उपाय आहे, त्याला प्रेप म्हणतात. आणि काही चूक झालीच, निरोध फाटला, तर 72 तासांच्या आत दवाखाना गाठून 28 दिवसांच्या गोळ्या सुरू करायच्या. जितक्या लवकर तितकं चांगलं, तिसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. इंजेक्शनची सुई समोर फोडलेल्या पाकिटातली, न्हाव्याकडे नवं ब्लेड. हे शेवटचे दोन नियम ऐरोलीतही पाळायचेच.

हे सगळं आईने मुलाला कसं सांगायचं, असं तुम्ही पत्रात विचारलेलं नाही, पण ओळींच्या मधे मला ते दिसलं. लोणच्याच्या बरण्या भरताना सांगा. हात कामात असले की नजरेला नजर द्यावी लागत नाही. माझ्याकडे येणाऱ्या आयांना मी हेच सुचवायचे. एकीने मला नंतर सांगितलं, मुलगा म्हणाला, “आई, मीठ जास्त होतंय, पण कळलं मला.”

“मी टीवायला भूगोल घेतला आहे. प्रकल्पासाठी आफ्रिकेचा एचआयव्हीचा नकाशा रंगवला. दक्षिण टोक गडद लाल, वर जाता जाता फिका, आणि उत्तर जवळजवळ पांढरी. सरांनी कारण विचारलं. मी ‘गरिबी आणि अज्ञान’ लिहिलं. सर म्हणाले, पुन्हा विचार कर. मग नेमकं काय लिहू? आणि हे आकडे काढतात कसे, सगळ्यांचं रक्त तर तपासत नसतील ना?” (एक विद्यार्थिनी, कळवा)

तुझ्या सरांना माझ्याकडून एक चहा.

गरिबीने हा नकाशा सुटत नाही. सर्वांत गडद रंग लागलेले देश बघ. इस्वातिनी, लेसोथो, मग बोत्सवाना आणि दक्षिण आफ्रिका. यातला लेसोथो गरीब आहे खरा, पण बोत्सवानाकडे हिरे आहेत आणि दक्षिण आफ्रिका खंडातल्या श्रीमंतांपैकी एक. तिथे प्रौढांत सतरा-अठरा टक्के बाधित, एकूण माणसं पंचाहत्तर लाखांच्या वर, जगात कुठल्याही एका देशात इतकी नाहीत. नायजर त्यांच्यापुढे कफल्लक, आणि तुझ्या नकाशात तो फिका. झिंबाब्वे, मोझांबिक, नामिबिया, झांबिया दहा-बारा टक्क्यांच्या आसपास. केनिया, टांझानिया, युगांडा तीन ते पाच. नायजेरिया एक टक्क्याहून थोडा वर. इथिओपिया एकाच्या आत. इजिप्त, अल्जेरिया, मोरोक्को यांचं प्रमाण आपल्याहूनही कमी. एका खंडात 0.2 टक्क्यांच्या आतपासून पंचवीस टक्क्यांपर्यंत, शंभरपटीहून जास्त फरक. ‘आफ्रिकेत एड्स फार’ हे वाक्य म्हणूनच मला ‘आशियात पाऊस फार’ यासारखं वाटतं. चेरापुंजीला की दुबईला?

आता कारणं. एकच नाही, आणि जो एकच सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस.

सगळ्यांत आधी सोन्याच्या खाणी. जोहान्सबर्गच्या आसपासच्या खाणींत शंभरहून अधिक वर्षं लेसोथो, स्वाझीलँड, मोझांबिक, मलावी इथून पुरुष आणले गेले. बायकामुलांना आणायला बंदी, राहायला फक्त पुरुषांच्या चाळवजा बराकी, वर्षातून एखादी सुट्टी. हे वाचताना तुला काही आठवतं का? तुझ्या पणजोबांना विचारता आलं असतं तर ते म्हणाले असते, ही तर आमची गिरणगावातली खोली. कोकण आणि घाटावरचे चाकरमानी असेच राहायचे, दहा जणांत एक खोली, पाळीपाळीने झोप, बायको गावी, शिमग्याला आणि गणपतीला भेट. फरक इतकाच की आपल्या गिरण्या 1982 च्या संपात कोलमडल्या आणि एचआयव्ही भारतात 1986 मध्ये पहिल्यांदा सापडला, चेन्नईत, डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांच्या तपासणीत. विषाणू दहा वर्षं आधी आला असता तर लालबाग-परळचं काय झालं असतं, असा विचार माझ्या मनात कितीदा आला आहे. दक्षिण आफ्रिकेत मात्र खाणी धडधडत होत्या तेव्हाच तो पोहोचला. खाणकामगार सुट्टीला घरी गेला की त्याच्याबरोबर तोही डोंगर चढून लेसोथोत गेला.

दुसरं कारण नाजूक आहे, पण भूगोलाच्या विद्यार्थिनीला लाजून चालणार नाही. सुंता. पश्चिम आणि उत्तर आफ्रिकेत बहुतेक पुरुषांची होते, दक्षिणेत अनेक जमातींत होत नाही. नुसत्या योगायोगावर कुणी विसंबलं नाही. दक्षिण आफ्रिकेतलं ऑरेंज फार्म, केनियातलं किसुमू आणि युगांडातलं राकाई अशा तीन ठिकाणी हजारो तरुणांवर नीट प्रयोग झाले आणि सुंता झालेल्या पुरुषांना बाईकडून लागण होण्याचा धोका साठ टक्क्यांच्या आसपास कमी झाल्याचं दिसलं. त्यावरून 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या भागातल्या देशांना तशी शिफारस केली. यात धर्माचा प्रश्न नाही, कातडीतल्या पेशींचा आहे. आणि साठ टक्के म्हणजे शंभर नव्हे, हेही प्रकल्पात लिही.

तिसरं, मुली. सहाराच्या दक्षिणेकडे 15 ते 24 वयाच्या मुलींना लागण होण्याचा धोका त्याच वयाच्या मुलांच्या तिपटीहून जास्त आहे. म्हणजे ती त्यांना वर्गातल्या मुलांकडून होत नाही. दहा-पंधरा वर्षांनी मोठ्या, हातात पैसा असलेल्या पुरुषांकडून होते. फी, मोबाइल, घरभाडं, कधी नुसता एस.टी.चा पास म्हण हवं तर. हे वाचून तुला फक्त आफ्रिका आठवली तर तू नशीबवान.

आणि चौथं, राज्यकर्ते. सेनेगलमध्ये वेश्याव्यवसाय करणाऱ्या बायकांची नोंदणी आणि नियमित तपासणी 1969 पासूनच होती. विषाणू आला तेव्हा दवाखाना आणि या बायका एकमेकांना ओळखत होत्या. धर्मगुरूंनाही सुरुवातीलाच बरोबर घेतलं. तिथे प्रमाण कधी वर गेलंच नाही. बोत्सवानाने 2002 मध्ये सरकारी खर्चाने औषधं द्यायला सुरुवात केली, आफ्रिकेत पहिल्यांदा. आणि त्याच सुमाराला शेजारी दक्षिण आफ्रिकेत राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी ‘एचआयव्हीमुळे एड्स होतो का’ याचाच काथ्याकूट करत होते, आणि त्यांच्या आरोग्यमंत्री लसूण, लिंबू आणि बीट खायला सांगत होत्या. औषधं उशिरा आल्यामुळे तीन लाखांहून अधिक माणसं हकनाक गेली, असा अंदाज हार्वर्डच्या संशोधकांनी 2008 मध्ये मांडला. आज जगातला सर्वांत मोठा उपचार कार्यक्रम त्याच देशात चालतो, हेही खरं. लसणाला मी नावं ठेवत नाही, आमच्या घरी फोडणीला रोज लागतो.

आता मोजदाद. सगळ्यांचं रक्त अर्थातच तपासत नाहीत. जुनी पद्धत अशी की ठरावीक सरकारी दवाखान्यांत नाव घालायला आलेल्या गरोदर बायकांचं रक्त, नाव न लावता, तपासायचं आणि त्यावरून देशाचा अंदाज बांधायचा. सोपी आणि स्वस्त, पण दवाखान्यात येणाऱ्या म्हणजे सगळ्या नव्हेत. नवी पद्धत घरोघर जाऊन, संमती घेऊन, नमुन्याने निवडलेल्या कुटुंबांचं रक्त घेण्याची. दोन्हींत किती तफावत पडते याचा अनुभव आपण घेतला आहे. 2006 पर्यंत भारतात बावन्न लाख बाधित आहेत असं सरकार म्हणायचं, युनोची संस्था तर सत्तावन्न म्हणायची. मग तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत लाखभर माणसांचं रक्त तपासलं गेलं आणि 2007 च्या जुलैमध्ये आकडा एकदम पंचवीस लाखांवर आला. त्या आठवड्यात माझ्या केंद्रात फाइल घेऊन आलेला एक साहेब मला विचारत होता, “बाई, निम्मे पेशंट गेले कुठे?” मी त्याला बाहेरची रांग दाखवली. रांग तेवढीच होती. नायजेरियातही 2019 मध्ये हेच घडलं. मोठी घरोघर पाहणी झाली आणि आधीचा 2.8 टक्के हा अंदाज 1.4 वर आला. तेव्हा नकाशाखाली वर्ष आणि पद्धत लिहायला विसरू नकोस. वेगवेगळ्या वर्षांचे आकडे एका नकाशात कोंबले असशील, तर सर पुन्हा परत पाठवतील आणि या वेळी मी त्यांच्याच बाजूने असेन.

“आमच्या सोसायटीत एका सभासदाने दोन नायजेरियन विद्यार्थ्यांना फ्लॅट भाड्याने द्यायचं ठरवलं आहे. आफ्रिकेतल्या एड्सचे आकडे पाहता सर्वसाधारण सभेत ठराव झाला की परदेशी भाडेकरूंकडून एचआयव्हीचा रिपोर्ट घ्यावा. ठरावाचा मसुदा कसा असावा, मार्गदर्शन करावे.” (एक सेक्रेटरी, खारघर)

मसुदा करू नका. एचआयव्ही-एड्सचा 2017 चा कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. लागणीवरून घर भाड्याने नाकारणं किंवा राहण्यात अडथळा आणणं हा त्यात भेदभाव ठरतो, आणि कुणालाही आपली एचआयव्हीची स्थिती उघड करायला भाग पाडता येत नाही. तुमचा ठराव इतिवृत्तात लेखी आहे, म्हणजे पुरावा तुम्हीच तयार करून ठेवला आहे.

हिशेबाचंही बघा. नायजेरियात प्रौढांचं प्रमाण दीड टक्क्याच्या आत. आपल्याच मिझोराममध्ये ते अडीच टक्क्यांहून जास्त आहे. मग उद्या मिझोरामहून आलेल्या मुलीकडे रिपोर्ट मागाल? परवा सभेत हात वर केलेल्या सभासदांकडे? महाराष्ट्रात प्रमाण कमी असलं तरी बाधितांची संख्या देशात सर्वांत जास्त आहे. तुमच्या इमारतीत किती बिऱ्हाडं आहेत मला माहीत नाही, पण वीस वर्षांत मी ज्या बंद दारांमागे बसून बोलले त्यातली काही खारघरचीच होती, आणि त्या घरांच्या नावाच्या पाट्या अगदी तुमच्या-माझ्यासारख्याच होत्या. लिफ्टमधून, जिन्यातून, पाण्याच्या टाकीतून एचआयव्ही पसरत नाही.

परदेशी भाडेकरूंसाठी करायचं ते निराळंच आहे. घरमालकाने परदेशी भाडेकरूची नोंद चोवीस तासांत ऑनलाइन करायची, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यायची, पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत ठेवायची. ते आधी झालं आहे का, तेवढं बघा. माझा अंदाज, झालेलं नसेल.

“मी ट्रेलर चालवतो. न्हावाशेवा ते अहमदाबाद. नऊ वर्षं गोळ्या चालू आहेत. ढाब्यावर टीव्हीत पाहिलं की अमेरिकेने पैसे बंद केले आणि आफ्रिकेत दवाखाने बंद पडले. आमच्या पण गोळ्या बंद होणार का? मंडळींना सांगितलं नाही, उगाच घाबरेल.” (एक ड्रायव्हर, कळंबोली)

भाऊ, तुमचं पत्र बिल्टीच्या पाठीमागे लिहिलेलं आहे. ते मी जपून ठेवलं आहे.

बातमी खरी आहे. अमेरिकेने 2003 मध्ये पेपफार नावाची योजना काढली आणि आफ्रिकेतले कितीतरी देश औषधांसाठी, त्याहून जास्त तपासणी आणि गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्यांच्या पगारासाठी, तिच्यावर अवलंबून राहिले. 2025 च्या जानेवारीत तो पैसा एकाएकी अडवला गेला आणि अनेक ठिकाणी केंद्रांना कुलूप लागलं. आपलं तसं नाही. आपला राष्ट्रीय कार्यक्रम मुख्यतः केंद्र सरकारच्या स्वतःच्या पैशावर चालतो. 2021 ते 2026 या पाच वर्षांच्या टप्प्याला 15,471 कोटी रुपये मंजूर झाले ते आपल्याच तिजोरीतून. आणि गोळ्या तर आपल्याकडेच बनतात. 2001 साली तीन औषधांचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर होता, तेव्हा मुंबईच्या सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी तीच औषधं आफ्रिकेसाठी वर्षाला 350 डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरच्या आत द्यायची तयारी दाखवली, आणि सगळ्या जगाचे भाव कोसळले. आफ्रिकेतल्या ज्या दवाखान्यांच्या बातम्या तुम्ही पाहिल्या, त्यांच्या फळीवरच्या डब्या बहुतेक हिंदुस्थानातूनच गेलेल्या असतात. त्यातल्या काही तुमच्या ट्रेलरवरच्या कंटेनरमधून न्हावाशेवाला उतरल्या असतील, सांगता येत नाही.

मला 2004 च्या आधीचे दिवस आठवतात. तेव्हा कळंबोलीच्या लोखंड बाजारात मी तुमच्यासारख्यांना तपासणीला तयार करायचे, आणि रिपोर्ट हातात ठेवल्यावर पुढे द्यायला माझ्याकडे काही नसायचं. 1 एप्रिल 2004 ला मोफत औषधं सुरू झाली, आपल्या बाजूला जे.जे.मध्ये. ठाण्याहून गाडी पकडायची, सँडहर्स्ट रोडला उतरून चालत जायचं. पहिल्या बॅचला मी चार जणांना घेऊन गेले होते. तेव्हा सीडी-फोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकार करणाऱ्या पेशींची संख्या, दोनशेच्या खाली गेल्याशिवाय औषध नाही, असा नियम होता. एकाचे दोनशे चाळीस निघाले. डॉक्टर म्हणाले, अभिनंदन, तुम्हाला अजून औषधाची गरज नाही. तो फाटकाबाहेर येऊन रडला. 2017 पासून तो नियम गेला, आता रिपोर्ट आला की लगेच गोळी.

तर गोळ्या बंद होणार नाहीत. कधी एखाद्या केंद्रात साठा कमी पडला तर महिन्याऐवजी पंधरा दिवसांच्या देतात, भांडायचं नाही, पण पुढची तारीख लिहून घ्यायची. लांबच्या फेरीला जाताना कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. वाटेत अडचण आली तर 1097 लावा, फुकट आहे, मराठीत बोलतात.

मंडळींबद्दल. ‘सांगितलं नाही’ म्हणजे अमेरिकेची बातमी सांगितली नाही, की नऊ वर्षांत आजारच सांगितला नाही, ते मला पत्रातून कळलं नाही. पहिलं असेल तर ठीक. दुसरं असेल तर पुढच्या तारखेला केंद्रातल्या समुपदेशक बाईंना गाठा आणि म्हणा, बायकोला सांगायचंय, जमत नाही. त्या तिला बोलावून तुमच्या समोर सांगतील, ते त्यांचं कामच आहे. तिची तपासणीही त्याच दिवशी होईल. तुमचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, नऊ वर्षं दबलेला असेल तर तिचा रिपोर्ट चांगला येण्याची आशा मोठी आहे, आणि ती चिडेल ती बहुधा आजारावर नव्हे, नऊ वर्षांवर.

आणि गोळ्यांची डबी डॅशबोर्डवर ठेवू नका. दुपारी केबिन तापते. सीटखाली, कपड्यात गुंडाळून, झाकण घट्ट.